भिंत आणि चितारी

जुन्या शहराचा इतिहास सांगू लागलो म्हणजे लढाया, तह आणि वंशावळी यांतच आमचा बहुतेक वेळ जातो. त्या शहरातील माणूस दिवाणखान्यात बसला असता समोरच्या भिंतीवर काय पाहत होता, हा प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाही. नागपूरच्या बाबतीत तर तो विचारणेच अवघड. कारण ज्या भिंतींनी उत्तर द्यावयाचे, त्यांतल्या मुख्य भिंतीच राहिल्या नाहीत.

देवगडच्या बख्त बुलंदशहाने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वाड्या एकत्र करून हे नगर वसविले. चांदसुलतानाने त्यास तट घातला, जुम्मा तलाव बांधला. १७४३ च्या सुमारास सत्ता रघूजी भोसल्यांच्या हाती आली आणि त्यांच्यामागे मानकरी, कारकून, सावकार, पुराणिक असा सारा संसार आला. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावे बाजाराच्या वारांची. महाल हे नाव राजवाड्याचे. आणि याच महालात एक चितारओळ आहे.

या नावापाशी आपण क्षणभर थांबू या. राजाला हौस म्हणून एखादा चितारी पदरी ठेवता येतो. पण एका चिताऱ्याची ओळ होत नाही. ओळ वसते ती गिऱ्हाईक बारमाही असेल तेव्हाच. देवळाचा सभामंडप, सरदाराचा दिवाणखाना, लग्नघराच्या दारावरचा गणपती आणि दोहों बाजूंचे भालदार-चोपदार, अशी कामे नगरात सतत निघत असली पाहिजेत. चित्रकला ही केवळ दरबाराची नव्हती, नगराची होती, याचा पुरावा म्हणून आम्ही या दोन शब्दांच्या नावाकडे बोट दाखवितो.

त्या काळची चित्रे कशी असत हे पाहावयाचे तर वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यात जावे, किंवा चांदवडला होळकरांचा रंगमहाल पाहावा. चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर पुराणांतले प्रसंग, देवांच्या शेजारी मराठी पागोटी आणि मराठी लुगडी. देव आपल्याच पेठेत राहावयास आल्यासारखे दिसतात!

मग नागपुरात झाले काय? १८५३ त तिसरे रघूजी वारले, १८५४ त राज्य खालसा झाले आणि मोठा आश्रयदाता गेला. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीव कामाने नटलेला राजवाडा १८६४ त जळाला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. परंतु सारा दोष आगीस देणे बरोबर नव्हे. १८७८ त पुण्यास चित्रशाळा निघाली, १८९४ त मुंबईस रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. छापील देव स्वस्त होता, चौकटीत बसत होता आणि बिऱ्हाड बदलले तर बरोबर नेता येत होता. भिंतीवरचा देव मात्र भिंत सोडू शकत नाही.

अजिंठ्याची लेणी १८१९ त इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. जगाने त्यांना विसरल्यामुळेच ती पुष्कळशी वाचली. वाड्याचे दैव उलटे आहे. तेथे माणसे नांदतात; चुलीचा धूर लागतो, दर दिवाळीस चुन्याचा हात फिरतो, भाऊ वेगळे झाले की मधोमध भिंत उठते. यात कोणाचा दुष्टावा नाही. नांदते घर असेच झिजते. म्हणूनच त्याची नोंद नांदणाऱ्यांनीच ठेवावयास हवी.

चितारओळीत आज गणपती आणि दुर्गा घडतात. मूर्ती पुरी झाली की शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि तोपर्यंत माती असलेली वस्तू आपल्याकडे पाहू लागते. रंगाचा हात या नगरातून गेलेला नाही. त्याच्यासमोरची भिंत गेली.

आमची विनंती एवढीच की, आपापल्या पेठेतला जुना वाडा पाडावयास निघाला तर पहिली कुदळ पडण्यापूर्वी कोणीतरी एक दिवा घेऊन आत जावे, चुन्याचे पापुद्रे हलक्या हाताने पाहावेत, जे दिसेल त्याचे चित्र उतरवून ठेवावे. त्यास एक सकाळ पुरेल. ती सकाळ न दिल्यामुळे आजवर काय गेले, याचा हिशेब आता कोणालाच मांडता येणार नाही.