पगार चुकला तर?

दुकानासाठी कॉम्प्युटर घेताना आपण आधी रॅम विचारतो. मला मात्र लंडनची लायन्स आठवते, चहाची दुकानं आणि बेकरी चालवणारी कंपनी. तिनं चक्क स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, ‘लिओ’. नोव्हेंबर 1951 मध्ये तो बेकरीचे हिशोब करू लागला.

पण आत जवळपास 6,000 व्हॉल्व्ह! बल्बसारखे तापणारे, कधीही उडणारे. म्हणून जॉन पिंकर्टन यांची इंजिनियर मंडळी मुद्दाम व्होल्टेज खाली-वर करून बघायची. कच्चा व्हॉल्व्ह तिथंच उघडा पडायचा, भर कामात नाही. (आपण बॅकअपसुद्धा घेत नाही, असो.)

तरी कामगारांचा पगार लगेच लिओवर टाकला नाही. मशीन बंद पडलं तर लोकांच्या घरी चूल कशी पेटणार? आधी जुन्या पद्धतीच्या हिशोबाशी आकडे ताडून पाहिले. 1954 मध्ये कुठं पगार त्याच्या हाती दिला.