इंग्रजी डुए बायबल : एकाच भाषांतराचा आग्रह योग्य काय?

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहावें व पूर्वजांनीं आपल्या हातीं काय ठेविलें याचा विचार करावा, हें उचितच आहे. पुष्कळ इंग्रजी शिकलेल्या कॅथलिक कुटुंबांत अशा ठेव्यांपैकीं एक म्हणजे डुए बायबल होय. "खरें कॅथलिक बायबल तें हेंच, मागाहून निघालेल्या भाषांतरांवर विश्वास ठेवूं नये," असें कोणी म्हणतात. उलट, "तें आतां जुनें झालें, बासनांत बांधून ठेवावें," असें दुसरे म्हणतात. या दोन्ही मतांची पारख इतिहासाच्या कसोटीवर करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा ग्रंथ हद्दपारींत जन्मला. राणी एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत इंग्लंडांत कॅथलिक धर्मगुरु तयार करण्यास जागा उरली नाहीं. तेव्हां विल्यम अॅलन यांनीं सन 1568 मध्यें डुए येथें इंग्रज विद्यार्थ्यांसाठीं विद्यालय स्थापिलें. सन 1578 मध्यें तें रीम्स येथें हलवावें लागलें. त्याच वर्षीं ग्रेगरी मार्टिन या विद्वान धर्मगुरूनें भाषांतरास आरंभ केला. नवा करार सन 1582 मध्यें रीम्स येथें छापून निघाला, आणि त्याच वर्षीं मार्टिन यांनीं देह ठेविला. जुना करार मात्र द्रव्याच्या अभावीं पुष्कळ वर्षें तसाच पडून राहिला व सन 1609 आणि 1610 मध्यें डुए येथें दोन भागांत प्रसिद्ध झाला. स्वदेश सुटलेल्या व प्राणभय सोसणाऱ्या माणसांचे हे श्रम आहेत. त्यांची हेळसांड करणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु एक गोष्ट लक्षांत घ्यावयास पाहिजे. आज डुए बायबल म्हणून जें पुस्तक आपण हातीं घेतों, तें बहुधा मार्टिन यांचें मूळ पुस्तक नव्हेच. मार्टिन यांनीं लॅटिन व्हल्गेटाला इतकें घट्ट धरिलें होतें, कीं त्यांचे कित्येक शब्द इंग्रजाला देखील परके वाटत. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्तानें स्वतःला रिक्त केलें असें जें म्हटलें आहे, तेथें त्यांनीं 'एक्झिनानिटेड' असा लॅटिन शब्दच इंग्रजी वेषांत उभा केला. पुढें बिशप रिचर्ड चॅलोनर यांनीं सन 1749 ते 1752 या काळांत साऱ्या ग्रंथाची डागडुजी केली, हा शब्द काढून साधा इंग्रजी शब्द घातला, आणि अनेक ठिकाणीं त्यांची भाषा सन 1611 च्या प्रॉटेस्टंट राजा जेम्स बायबलाच्या जवळ आली. गंमत अशी, कीं त्या राजा जेम्स बायबलाच्या कर्त्यांनींहि पूर्वीं रीम्सच्या नव्या करारांतून पुष्कळ शब्द उचलले होते! तेव्हां "जुनें तेंच शुद्ध" असें म्हणणाऱ्यानें कोणतें जुनें हें आधीं सांगावें.

हा वाद नवा नव्हे. सन 403 च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनीं संत जेरोम यांना एका पत्रांत एक प्रसंग कळविला. आफ्रिकेंतील ओएया (आजचें त्रिपोली) येथील मंदिरांत जेरोम यांच्या नव्या भाषांतरांतून योना संदेष्ट्याची कथा वाचण्यांत आली. योनाला सावली देणारी वनस्पति म्हणजे भोपळ्याचा वेल, असें लोक पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले होते. जेरोम यांनीं तेथें 'आयव्ही' या वेलीचें नांव घातलें होतें. त्यावरून एवढा गोंधळ माजला, कीं लोक आपणांस सोडून जातील या भयानें बिशपांना माघार घ्यावी लागली. जेरोम यांनीं उत्तर दिलें, कीं ती रुंद पानांची, स्वतःच्या खोडावर उभी राहणारी वनस्पति आहे व लॅटिनांत तिला नांवच नाहीं. पुष्कळ पंडितांच्या मतें ती आपल्या ओळखीची एरंड होय. आतां पाहा : डुए बायबलांत 'आयव्ही', राजा जेम्स बायबलांत भोपळा. एकच पुस्तक वाचणाऱ्यास यांत कांहीं प्रश्न आहे, हें कळणारच नाहीं.

याहून नाजूक उदाहरण उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांतील पंधराव्या वचनाचें आहे. व्हल्गेटास अनुसरून डुए बायबलांत "ती" सर्पाचें डोकें ठेंचील असें आहे, आणि पवित्र मातेच्या पायांखालीं सर्प दाखविणारीं चित्रें आपण सर्वांनीं भक्तिभावानें पाहिलीं आहेत. परंतु मूळ हिब्रूंत ही क्रिया स्त्रीच्या संतानाकडे आहे. आणि सन 1979 मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं प्रसिद्ध केलेल्या नव्या व्हल्गेटांतहि तसाच पाठ घेतला आहे. यामुळें पवित्र मातेचा महिमा कमी झाला काय? मुळींच नाहीं. सर्पाचा पराभव तिच्या पुत्रानें केला आणि तिचा सारा महिमा त्या पुत्रापासूनच आहे. श्रद्धा एका सर्वनामावर टांगलेली नसते.

"मग ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें सन 1546 मध्यें व्हल्गेट प्रमाण ठरविलें त्याचें काय?" असा आक्षेप निघेल, आणि तो वजनदार आहे. त्याचें उत्तर पोप बारावे पायस यांनीं सन 1943 च्या आपल्या परिपत्रांत दिलें आहे. श्रद्धा व नीति यांच्या बाबतींत व्हल्गेट प्रमादरहित आहे, असा त्या प्रमाणपणाचा अर्थ. मूळ हिब्रू व ग्रीक पाठ पाहूं नयेत, असा नव्हे. पुढें सन 1965 मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें, पवित्र शास्त्राचीं द्वारें भाविकांना मोकळीं असावीं व भाषांतरें विशेषेंकरून मूळ भाषांवरून व्हावीं, असें स्पष्ट केलें.

एकाच भाषांतराचे फायदे नाहींत असें नाहीं. वचनें मुखोद्गत होतात, आजा आणि नातू एकाच शब्दांनीं प्रार्थना करितात. पण शब्द पाठ होणें निराळें आणि अर्थ उमगणें निराळें.

ही गोष्ट आपल्या कोंकणपट्टीस तरी परकी नसावी. मार्टिन आपलें काम करीत होते त्याच सुमारास दुसरा एक इंग्रज कॅथलिक, फादर थॉमस स्टीफन्स, सन 1579 मध्यें गोव्यास उतरला. त्यानें येथील लोकांच्या हातीं इंग्रजी किंवा लॅटिन ग्रंथ दिला नाहीं. त्यांचीच भाषा शिकून मराठी ओव्यांत तारणाची कथा रचिली, आणि तें ख्रिस्तपुराण सन 1616 मध्यें राचोल येथें छापलें गेलें. तें शब्दशः भाषांतर नव्हे. परंतु परमेश्वराचा शब्द कोणत्याहि एका भाषेचा कैदी नाहीं, हें त्यानें दाखवून दिलें.

म्हणून डुए बायबल आदरानें जपावें व वाचावेंहि. मात्र त्याच्या शेजारीं धर्माधिकाऱ्यांनीं मान्य केलेलें दुसरें भाषांतर टिपांसह ठेवावें आणि आपल्या मराठींतील शास्त्रहि उघडें असावें. जेथें शब्द भिन्न दिसतील तेथें न घाबरतां थांबावें व विचारावें. ज्यांनीं हद्दपारींत तो ग्रंथ सिद्ध केला, त्यांची इच्छा हीच होती, कीं लोकांना शास्त्र कळावें. ती इच्छा आपल्या घरोघरीं पुरी होवो, हीच या ज्युबिलीच्या वेळीं प्रभुचरणीं प्रार्थना.