अंगणातल्या गाण्याची बिदागी

आपल्या गटातल्या एका ताईंनी माहूरच्या वाटेवर भाविकांसाठी तीन खोल्या काढल्यात. संध्याकाळी अंगणात स्पीकर लावतात. "गाणं वाजवायला परवाना लागतो," असं कुणी सांगितलं आणि त्या घाबरून बैठकीत आल्या. मोबाइलवरचं गाणं, त्याचे पैसे कशाचे? आम्हालाही आधी तसंच वाटलं.

गोंधळी दारात आला की आपण बिदागी देतो. गाणारा समोर असतो. पण १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान तबकडीसाठी गायल्या आणि शेवटी स्वतःचं नाव सांगून थांबल्या. गाणारी एका गावी, गाणं भलत्याच अंगणात! मग बिदागी कुणाला?

लता मंगेशकरांनी १९६०च्या दशकात हाच प्रश्न लावून धरला. तबकडी विकली जाते तोवर गायकालाही वाटा हवा, असं त्या म्हणाल्या. मोहम्मद रफींना ते पटलं नाही. मेहनताना घेतला की संपलं, असं त्यांचं मत. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. एवढी मोठी बाई, तरी भांडावं लागलं.

कायदा १९५७चा. गीतकार-संगीतकारांची संस्था, आयपीआरएस, १९६९ साली निघाली. पण १९७७ला सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाच्या गाण्यावर निर्मात्याचा हक्क मानला. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि गायकांनाही मानधनात वाटा मिळाला. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर बोलले.

आता ताईंचं. घरात आपल्यापुरतं गाणं ऐकायला परवाना नको. पाहुण्याने खोलीत स्वतःच्या मोबाइलवर ऐकलं, त्याचंही काही नाही. पण पैसे घेऊन उतरवलेल्या पाहुण्यांसाठी आपण स्पीकर लावला की ते सार्वजनिक झालं. कायद्याने हॉटेलच्या खोल्याही त्यात धरल्यात. शब्द-चालीचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. रेकॉर्डिंगचे परवाने पीपीएल ही १९४१पासूनची कंपनी देते. म्हणून कुणी पैसे मागितले तर कोणत्या गाण्यांसाठी, कोणत्या हक्काने, हे लेखी विचारा आणि पावती घ्या.

पूजा, लग्नाची वरात, लग्नातले समारंभ यांना कायद्यातच सूट आहे. गोवा सरकारने त्यावर परिपत्रक काढलं होतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. परिपत्रक गेलं, कायद्यातली सूट आहे तशीच आहे. मात्र रोजच्या संध्याकाळचा स्पीकर त्या सुटीत बसत नाही.

जुन्या आरतीचे शब्द सगळ्यांचे, तिची नवी कॅसेट मात्र कुणाची तरी. जात्यावरच्या ओवीला परवाना नाहीच. (आणि ती रचणाऱ्या बायांना बिदागीही कुणी दिली नाही, हेही इथे सांगून ठेवतो.)

ताईंनी तूर्त स्पीकर बंद ठेवलाय. संध्याकाळी त्यांच्या सासूबाई ओव्या म्हणतात, पाहुणे ओट्यावर बसून ऐकतात. नवरात्रात गर्दी वाढेल, तेव्हा स्पीकर हवाच, असं ताईंचं म्हणणं. परवान्याचा अर्ज मंगळवारच्या बैठकीत सगळ्याजणी मिळून भरू.