१९३४ चा विजय कोणाचा?

भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना असला की आमच्या मोहल्ल्यांकडे शेजारपाजाऱ्यांचे कान लागतात. टाळी कधी वाजली, फटाका कोणत्या गल्लीत फुटला, याचा हिशेब ठेवला जातो. हा हिशेब आम्ही लहानपणापासून देत आलो आहोत. खेळाच्या मैदानावर मुसलमान जिंकतो तेव्हा नेमके कोण जिंकते, हा प्रश्न मात्र क्रिकेटच्या कितीतरी आधी फुटबॉलने विचारला होता. तो कलकत्त्यात १९३४ साली विचारला गेला आणि त्याचे उत्तर देताना हिंदू आणि मुसलमान, दोघांनीही घाई केली, असे आम्हांला वाटते.

त्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंग क्लबने कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. ही स्पर्धा १८९८ साली सुरू झाली होती. तेव्हापासून छत्तीस वर्षांत एकाही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती. गोऱ्या पलटणी आणि युरोपियन क्लब यांच्यातच ती फिरत राहिली होती. मोहमेडनचा संघ १९३३ च्या हंगामानंतर दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच वर्षी विजेता ठरला. पुढे १९३५, १९३६, १९३७ आणि १९३८ मध्येही लीग त्याच्याकडेच राहिली. सलग पाच वर्षे! राज्यकर्त्यांच्या खेळात, राज्यकर्त्यांच्या राजधानीत नसले तरी त्यांच्या सर्वांत मोठ्या शहरात हे घडले.

आता शाळकरी मुलाला विचारा. भारतीय फुटबॉलचा पहिला मोठा विजय कोणता? जाणकार मुलगा सांगेल, १९११. त्या वर्षी २९ जुलैला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अनवाणी पायांनी बूटवाल्यांना हरवल्याची ती कथा स्वातंत्र्याच्या इतिहासात जाऊन बसली आणि ते योग्यच झाले. त्या आनंदात मुसलमानही सामील होते. मौलाना मोहम्मद अली यांचे 'कॉम्रेड' साप्ताहिक तेव्हा कलकत्त्यातून निघत असे. त्यानेही मोहन बागानचे मनापासून अभिनंदन केले होते. मग १९११ चा विजय देशाचा आणि १९३४ चा विजय एका जमातीचा, अशी वाटणी कधी झाली? कोणी केली?

हे समजून घ्यायचे तर आधी खेळाची परिस्थिती पाहिली पाहिजे. कलकत्त्यात भारतीयांच्या हाती फुटबॉल आला तो मुख्यतः इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने. प्रेसिडेन्सीसारख्या कॉलेजांच्या मैदानावर विद्यार्थी खेळू लागले आणि तिथून मोहल्ल्यामोहल्ल्यांत क्लब उभे राहिले. आधुनिक शिक्षणात मागे राहिलेला मुस्लिम समाज साहजिकच या मैदानावरही उशिरा आला. मोहमेडन स्पोर्टिंगची सुरुवात १८८७ च्या ज्युबिली क्लबपासून सांगितली जाते. नवाबजादा अमीनुल इस्लाम हे त्यामागचे प्रमुख नाव. नाव दोनदा बदलून १८९१ साली मोहमेडन स्पोर्टिंग हे नाव कायम झाले. त्यानंतरची चाळीस वर्षे हा क्लब दुय्यमच राहिला.

लीगचे दारही भारतीयांसाठी सहज उघडलेले नव्हते. १९१४ पर्यंत तिथे भारतीय संघाला प्रवेशच नव्हता. मोहन बागान १९१५ मध्ये पहिल्या श्रेणीत पोहोचला. पण पहिल्या श्रेणीत दोनपेक्षा जास्त भारतीय संघ नकोत, असा दंडक होता. १९२५ मध्ये ईस्ट बेंगॉलसाठी तो मोडावा लागला. मोहमेडन वर आला तो या सर्वांनी झिजवलेल्या उंबरठ्यावरून. आपल्या विजयाची गोष्ट सांगताना आम्ही हे ऋण विसरतो.

शील्ड आणि लीग यांत फरक आहे. शील्ड म्हणजे बाद फेरीचे चार-सहा सामने. एखादा आठवडा अंगात वारे भरले तर जिंकता येते. लीग म्हणजे पूर्ण हंगाम, मे महिन्याच्या उन्हापासून आषाढाच्या चिखलापर्यंत. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडू चपळ असतो. पाऊस पडला की त्याचे पाय घसरतात आणि खिळ्यांचे बूट घातलेला गोरा शिपाई रोवून उभा राहतो. भारतीय संघ वर्षानुवर्षे पावसाळ्यात गुण गमावत आले ते इथे. मोहमेडनच्या चालकांनी यावर साधा उपाय केला. आपल्या खेळाडूंना ओल्या मैदानावर बूट घालून खेळायची सवय लावली. अनवाणी पायांचा अभिमान त्यांनी बाजूला ठेवला.

दुसरी गोष्ट निवडीची. त्यांनी खेळाडू फक्त कलकत्त्यात शोधले नाहीत. बंगळूरहून आणले, थेट क्वेट्ट्याहून जुम्मा खान आणला. फुटबॉलचे जादूगार म्हणून ओळखले जाणारे सय्यद अब्दुस समद १९३३ मध्ये संघात आले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीकडे झुकले होते. रेल्वेत नोकरी करणारा हा माणूस ऐन उतरणीच्या वयात या विजयांचा भागीदार झाला. गोलरक्षणाला उस्मान, आघाडीला हाफिज रशीद आणि रहीम, मध्ये नूर मोहम्मद आणि मासूम. लहानशा वाड्या-वस्त्यांतून आणि छावण्यांच्या गावांतून आलेली ही माणसे होती. बूट, निवड आणि सराव, या तीन गोष्टींवर लीग जिंकली गेली. 'कौमच्या रक्तातच शौर्य आहे' असे म्हणून आपण त्यांच्या मेहनतीचा अपमानच करतो.

याच संघातला मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला गेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने खेळला, तेही पायांना पट्ट्या बांधून, बुटांशिवाय. गॅल्स्टनविरुद्ध सेल्टिकने ७-१ असा विजय मिळवला. घरची ओढ लागून सलीम परत आला. सेल्टिक हा क्लबसुद्धा गरीब आयरिश कॅथलिक स्थलांतरितांच्या मदतीसाठी १८८७ साली स्थापन झाला होता. जमातीचा क्लब असूनही त्याने परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या माणसाला आपली जर्सी दिली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कारण मोहमेडन स्पोर्टिंगने त्या काळात ते केले नाही. संघात फक्त मुसलमान खेळाडू घेतले जात. त्या वेळचे बंगाल काही साधे नव्हते. १९३२ चा जातीय निवाडा, १९३५ चा कायदा, १९३७ च्या निवडणुका; प्रत्येक जागा, प्रत्येक नोकरी धर्माच्या तराजूत तोलली जात होती. क्लबच्या अध्यक्षपदी ख्वाजा नाजिमुद्दीन होते, जे पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल आणि पंतप्रधान झाले. शेतमजूर, खलाशी, गिरणीतला कामगार, दर्जी अशा मुसलमानाला शतकभर मागे राहिल्यानंतर कुठेतरी पहिला नंबर मिळाला होता. त्याचा आनंद खरा होता. काझी नझरुल इस्लाम यांच्यासारख्या, देवीची गीते लिहिणाऱ्या कवीनेही या विजयावर कविता लिहिली. पण गरिबाच्या त्या आनंदावर नवाबांच्या राजकारणाने आपला शिक्का मारला. दुसऱ्या बाजूने हिंदू भद्रलोकांच्या मोठ्या वर्गाने या विजयाकडे पाठ फिरवली. गोऱ्यांची मक्तेदारी मोडणारा भारतीय संघ त्यांना दिसलाच नाही; दिसला तो फक्त मुसलमानांचा संघ. एकाने विजय ओढून नेला, दुसऱ्याने तो ढकलून दिला. वाटणी अशी झाली.

तरीही मैदान राजकारणाइतके सरळ नसते. १९३९ मध्ये आय.एफ.ए.च्या कारभाराचा निषेध म्हणून मोहमेडन लीगमधून बाहेर पडला, तेव्हा त्याच्याबरोबर ईस्ट बेंगॉल, कालीघाट आणि एरियन हे क्लबही बाहेर पडले. अन्याय सर्वांनाच सारखा जाचत होता, म्हणून सर्वजण एकत्र आले. त्या वर्षी मोहन बागानला आपली पहिली लीग मिळाली.

१९४० हे वर्ष तर विलक्षण. मार्चमध्ये लाहोरला फाळणीच्या मागणीचा ठराव झाला. त्याच वर्षी मोहमेडनने लीग परत मिळवली आणि आमच्या मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला. कूपरेजच्या त्या अंतिम सामन्यात समोर होता बंगळूर मुस्लिम्स, ज्यांनी १९३७ आणि १९३८ मध्ये हाच कप नेला होता. १-० असा निकाल लागला. डिसेंबरात दिल्लीला ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला त्यांनी २-१ असे हरवले. १८८८ साली सुरू झालेली ही लष्करी स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय नागरी संघ. सामन्याचे पंच होते कॅप्टन हरनामसिंग. मुसलमान खेळाडू, शीख पंच आणि हरलेली गोरी पलटण! हे चित्र आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आले नाही.

सात वर्षांनी देश तुटला. समद पूर्व पाकिस्तानात गेले. १९६४ मध्ये पार्वतीपूरला त्यांचे निधन झाले. क्लब मात्र कलकत्त्यातच राहिला. जे राहिले त्यांचे पुढे काय झाले? १९५० च्या सुमारास ईस्ट बेंगॉलच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना लोकांनी लाडाने 'पंचपांडव' म्हटले. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाच पांडवांत दोन मुसलमान, आणि बंगालच्या प्रेक्षकाला त्यात काही खटकले नाही. हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी शिकवलेल्या भारतीय संघाने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक आणले. मोहमेडनही बदलला. बिगरमुस्लिम खेळाडू आले, परदेशी आले. १९८१ नंतर लीगने चाळीस वर्षे हुलकावणी दिली आणि २०२१ मध्ये ती पुन्हा मिळाली, तेव्हा अंतिम सामन्यातला एकमेव गोल मार्कस जोसेफ या त्रिनिदादच्या खेळाडूचा होता. पांढऱ्या-काळ्या जर्सीच्या त्या आनंदात कोणी त्याचा धर्म विचारला नाही.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावे पेठांची आणि तालमींची असतात. पाटाकडील, दिलबहार. भांडणे तिथेही होतात, पण ती पेठेची असतात. पेठेचा अभिमान बाळगूनही माणूस गावाचा राहतो. १९३४ च्या मोहमेडनकडे आपण असे पाहू शकतो का? तो आमचा विजय आहे हे आम्ही सांगू, कारण मागे पडलेली माणसे तयारीच्या जोरावर पुढे येतात याचा तो पुरावा आहे. आणि तो तुमचाही विजय आहे हे आम्ही आग्रहाने सांगू, कारण ज्यांची छत्तीस वर्षांची मक्तेदारी मोडली ते तुमच्या-आमच्या दोघांच्याही डोक्यावर बसलेले होते.

टाळ्यांचा हिशेब मागणाऱ्यांना आम्ही यापुढे शपथा देणार नाही. त्यांना १९३४ ची ही गोष्ट सांगू, आणि आमच्या मुलांनाही सांगू. मुलांना सांगताना बुटांची गोष्ट आधी सांगू.