कोठार आणि पाठभेद

संगणकात माहिती साठवण्याची जुनी कल्पना कचेरीतून आली : कपाट, कपाटात खण, खणात फाइल. डेली आणि न्यूमन यांनी १९६५ साली ‘मल्टिक्स’ या प्रणालीसाठी फाइलींची जी वृक्षासारखी रचना मांडली, ती पुढे ‘युनिक्स’मार्गे सर्वत्र रुजली. या रचनेत फाइल उघडून मधलीच एखादी ओळ खोडता येते आणि तिच्या जागी दुसरी लिहिता येते.

१४ मार्च २००६ रोजी ॲमेझॉनने ‘एस-थ्री’ ही सेवा सुरू केली, तीत या दोन्ही सोयींना फाटा दिलेला होता. ‘ऑब्जेक्ट स्टोरेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा साठवणीत खण नव्हते. एका ‘बकेट’मध्ये असंख्य वस्तू, आणि प्रत्येकीला एक नाव. नावातल्या तिरक्या रेघांमुळे खणांचा भास होतो. वस्तुतः ती रेघ नावातलेच एक अक्षर असते. वस्तू संपूर्ण ठेवायची, बदलायची तर संपूर्णच बदलायची. कोणी कोणती ओळ केव्हा खोडली, याचा हिशेब उरत नसल्यामुळे एकाच वस्तूच्या प्रती अनेक यंत्रांवर राखणे सुकर झाले. तरीही नवी प्रत ठेवल्यावर वाचकाच्या हाती क्वचित जुनी प्रत पडण्याची शक्यता असे. ती डिसेंबर २०२० मध्ये दूर झाली.

आरंभी या कोठाराचे स्थान घरातल्या माळ्यासारखे होते : छायाचित्रे, राखीव प्रती, अडगळ. पुढे ‘कंटेनर’ आणि २०१४ साली आलेले ‘कुबरनेटिस’ यांनी आज्ञावलीचे आयुष्य क्षणभंगुर केले. ती केव्हाही बंद पडावी आणि दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभी राहावी, अशी ही व्यवस्था. तिची स्मृती साहजिकच बाहेर ठेवावी लागली. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका आज्ञेतील चुकीमुळे ‘एस-थ्री’चे उत्तर व्हर्जिनियातील केंद्र काही तास ठप्प झाले आणि असंख्य संकेतस्थळे अडली. माळ्याचा पाया केव्हाच झाला होता, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

साहित्याच्या अभ्यासकाला यात एक जुना प्रश्न भेटतो, तो पाठभेदांचा. त्याच नावाने नवी वस्तू ठेवली की आधीची नाहीशी होते. आवृत्त्या जपण्याची सोय २०१० पासून आहे. पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. नेटफ्लिक्समध्ये २०१७ साली जन्मलेली ‘आइसबर्ग’ ही मांडणी प्रत्येक बदलानंतर तक्त्याचे नवे चित्र नोंदवते आणि जुनेही काही काळ राखते. मात्र जुन्या प्रतींचेही भाडे पडते, म्हणून ठरावीक मुदतीनंतर त्या पुसण्याचे नियम लावले जातात.

आपली पाठचिकित्सा बरीचशी विस्मृतीच्या उपकारावर उभी आहे. कोणीतरी पोथी बासनात बांधली, विसरून गेला, आणि त्या विसरण्यामुळेच ती टिकली. वाळवी आणि ओल यांतून ती वाचली एवढेच पुरेसे होते. ढगातल्या कोठारात हे घडणे कठीण. तेथे विसरलेल्या वस्तूचे भाडे थकते, आणि थकलेल्या भाड्याची वस्तू अखेर पुसली जाते. तेव्हा कोणता खर्डा टिकावा, हे लेखकाच्या हयातीतच कोणीतरी जाणीवपूर्वक ठरवावे लागेल.