लिहिणाऱ्या हाताजवळची तपासणी

वाशीम जिल्ह्यातले आसेगाव हे कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. सरकीपासून सुटलेल्या रुईला इंग्रजीत लिंट म्हणतात आणि कापडाला चिकटणाऱ्या बारीक तंतूंनाही. या दुसऱ्या अर्थावरून बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये आपल्या प्रोग्रॅमला नाव दिले. सी भाषेतला कोड चालवण्याआधीच त्यातल्या संशयास्पद जागा तो दाखवून देई. आज आसेगावात कोणी वेबपान लिहू लागला, तर चुकलेल्या शब्दाखाली एडिटरमध्ये उमटणारी लाल रेघ याच घराण्यातली आहे. मात्र तिचा इतिहास केवळ संगणकाचा नाही. चूक होणे आणि ती सापडणे यांतले अंतर कमी करण्याची जी जुनी धडपड आहे, तिचा तो सर्वांत अलीकडचा टप्पा आहे.

हे अंतर पूर्वी किती मोठे होते, ते मराठीच सांगते. ज्ञानेश्वरी शके १२१२ची आणि एकनाथांनी तिचे पाठ शुद्ध केले शके १५०६ मध्ये. मधल्या २९४ वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ पुढच्या नकलांत उतरत गेले. छापखान्याने चुकीचा धोका वाढवला, कारण खिळ्यातली एक चूक सगळ्या प्रतींत जाते. म्हणूनच प्रुफे तपासण्याला महत्त्व आले. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांचा लौकिक परब, पणशीकर यांच्यासारख्या पंडितांच्या संशोधनावर उभा राहिला. शतकांचे अंतर आता दिवसांवर आले.

वेबच्या क्षेत्रातही हाच क्रम दिसतो. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या २००२च्या जेएसलिंटमध्ये कोड वेगळ्या पानावर चिकटवून तपासता येई. निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ईएसलिंटमध्ये कोणता नियम बंद, कोणता इशारा आणि कोणता चूक, हे प्रत्येक गट आपल्या फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो. एडिटरला त्याचे एक्स्टेन्शन जोडले की टंकतानाच दोष दिसतो. वेबला याची गरज अधिक आहे. एचटीएमएलमधला राहिलेला टॅग ब्राउझर गुपचूप सांभाळून घेतो, त्यामुळे दोष लपतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र एक कंस उघडा राहिला तर ती अख्खी फाइल चालत नाही.

यावर आक्षेप असा, की यंत्राला व्याकरण कळते, अर्थ कळत नाही. ते खरे आहे. पण कंस मोजण्यात जाणारे लक्ष वाचले, तरच ते अर्थाकडे वळते. दुसरा आक्षेप, विद्यार्थी परावलंबी होतो. उलट, चूक घडताच तिचे कारण दिसले तर नियम लवकर अंगवळणी पडतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सूचना बहुधा इंग्रजीत येतात आणि मराठी माध्यमातला मुलगा तिथेच अडतो. मात्र त्यांतली वाक्ये ठरावीक असतात आणि त्याच त्याच ओळींत भेटतात, म्हणून शिक्षकाने ती मराठीत उलगडून दिली की पुरते. म्हणून एडिटरमध्ये ही तपासणी बसवणे हा कोडच्या पहिल्या ओळीच्याही आधीचा धडा असावा.