कंदिलापासून संवेदकापर्यंत

बिदर परिसराचा इतिहास जमिनीखालीही आहे. बहामनी राजवटीत, पंधराव्या शतकात, नौबाद येथे खडकातून भुयारी करेझ खोदला गेला. त्याच्या उभ्या विवरांतून आत हवा व उजेड पोहोचे. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडण्याची रीतही अशीच अनुभवसिद्ध. ज्योत विझली, तर प्राणवायू अपुरा समजावा. मात्र आत ज्वालाग्राही वायू असल्यास तीच ज्योत घात करी.

१९६२ साली जपानच्या नाओयोशी तागुची यांनी गॅसगळती ओळखणारा, कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक सिद्ध केला. त्याच्या तापलेल्या पृष्ठभागावरील प्राणवायूशी ज्वालाग्राही वायूचा संयोग होताच संवेदकाचा विद्युतरोध घटतो. याच तत्त्वावरील ‘एमक्यू’ मालिकेतील संवेदक आज शे-दोनशे रुपयांत मिळतो आणि बिदर-कलबुर्गीकडील शाळकरी विद्यार्थीही तो मायक्रोकंट्रोलरला जोडू शकतो.

परंतु हा संवेदक प्राणवायू मोजीत नाही. उलट कार्य करण्यास त्यालाच प्राणवायू लागतो. म्हणून विहिरीत वा मॅनहोलमध्ये त्याच्या आकड्यावर कुणाचा जीव सोपवू नये. आपले उपकरण काय ओळखते आणि काय ओळखत नाही, हे विद्यार्थ्याने प्रयोगवहीत प्रथम लिहावे.